चाकोरी आणि कासरा : पृथ्वीबाहेरच्या गाड्यांचा लांबचा प्रवास

2023 सालचा पोळा 14 सप्टेंबरला होता. त्या दिवशी आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला मंडलात, पैनगंगेच्या अलीकडच्या एका गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत मला बोलायला बोलावले होते. चांद्रयान-3 उतरून तीन आठवडे झाले होते आणि त्या दिवसांत कुठल्याही कार्यक्रमाला विषय तोच असे. मी साहित्याचा माणूस. आदिलाबादच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, प्रबंधही साहित्यावरच लिहिलेला. भाषण तयार करताना जे हाताशी होते तेच मी वापरले : उत्तुंग झेप, सोनेरी पान, मानाचा तुरा. 'प्रज्ञान' या शब्दाची उपनिषदांपर्यंतची वंशावळ सांगितली. टाळ्या पडल्या.

पोळा फुटायला अजून वेळ होता. शाळेच्या ओट्यावर चहा घेत असताना एक वयस्क शेतकरी जवळ आला. हातात कासरा होता, बैल झाडाला बांधून आलेला. म्हणाला, "सर, एक इचारू का? पेपरात वाचलं. तुमची ते गाडी दहा दिवसांत शंभर मीटर चालली म्हनते. आमचा म्हातारा बैल तं तेवढ्यात तंबाखू मळून होईस्तोवर जाते. काहून इतकी हळू?"

मी काहीतरी बोललो. गुरुत्वाकर्षण, वजन, खर्च असे शब्द वापरले असावेत. त्याने मान हलवली, पण ती समजल्याची मान नव्हती. शिक्षकाला तो फरक कळतो. परतीच्या वाटेवर बसमध्ये मला स्वतःचीच लाज वाटली. माझ्या पाऊण तासाच्या भाषणात या एका साध्या प्रश्नाचे उत्तर देणारे एकही वाक्य नव्हते. अंतराळाविषयीच्या आपल्या मराठीत विशेषणांचा सुकाळ आहे आणि क्रियापदांचा दुष्काळ. गाडी 'झेप' घेते, 'इतिहास' रचते. पण ती चालते कशी, थांबते का, रस्ता कोण ठरवतो, हे सांगणारी वाक्ये आपण लिहीत नाही. पुढची दोन वर्षे सवड मिळेल तसे मी या गाड्यांविषयी वाचत राहिलो. हा लेख त्या शेतकऱ्याला द्यायच्या उत्तराचा आहे.

आधी हिशेब पाहू. प्रज्ञान ही 26 किलो वजनाची, सहा चाकांची गाडी. तिचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. शंभर मीटर म्हणजे दहा हजार सेंटिमीटर, म्हणजे दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. गाडी न थांबता चालली असती तर तिचा सगळा प्रवास एका दुपारीत संपला असता. 24 ऑगस्टला ती विक्रमच्या पोटातून उतरणीवरून खाली आली आणि 2 सप्टेंबरला तिला झोपवले. मधल्या दहा दिवसांत चाके फिरली ती फार तर काही तास. उरलेला बहुतेक वेळ ती उभी होती. तेव्हा खरा प्रश्न 'इतकी हळू का' हा नाही. 'इतका वेळ उभी का' हा आहे.

याचे उत्तर प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल यांनी तेव्हाच दिले होते; आपल्यापर्यंत ते पोहोचले नाही, एवढेच. प्रज्ञानच्या पुढच्या बाजूला दोन कॅमेरे आहेत. माणसाच्या दोन डोळ्यांप्रमाणे दोन चित्रांच्या फरकावरून समोरच्या जमिनीचा चढ-उतार काढता येतो. पण ते गणित गाडीत होत नाही. चित्रे विक्रमकडे जातात, विक्रमकडून पृथ्वीवर येतात, इथे जमिनीचा नकाशा तयार होतो, माणसे एकत्र बसून वाट ठरवतात आणि मग आज्ञा वर जाते. त्या कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून भरवशाचा नकाशा बनतो तो पुढच्या पाच मीटरपर्यंतचाच. म्हणजे एका आज्ञेत गाडी जास्तीत जास्त पाच मीटर जाणार. एका चालीपासून दुसऱ्या चालीपर्यंत सरासरी पाच तास लागत होते. शंभर मीटरला वीस चाली, वीस चालींना शंभर तास. त्याशिवाय थांबून मातीची तपासणी करायची. गंधक सापडल्याची जी बातमी आपण वाचली ती अशा थांब्यांतलीच. दहा दिवस तिथे गेले.

27 ऑगस्टचा प्रसंग यासाठी बोलका आहे. प्रज्ञानच्या समोर तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला. गाडी आपणहून वळली नाही. चित्र खाली आले, इथल्या माणसांनी खड्डा पाहिला, मागे फिरण्याची आज्ञा दिली, तेव्हा ती आपल्याच मागावरून परतली. बैल असता तर दुरूनच त्याने मान वळवली असती.

कापसाची बंडी घेऊन रात्री बाजारातून परतणारा माणूस साटीत आडवा होऊन झोपतो आणि बैल त्याला अचूक घरी आणतात, हे आमच्या भागातल्या मागच्या पिढीने रोज पाहिलेले आहे. आता ट्रॅक्टर आले, रात्रीच्या बंड्या दिसेनाशा झाल्या. पण आठवण सगळ्यांना आहे. बंडीला दोन गोष्टी लागतात : चाके आणि डोळे. चाके सुताराने केली, डोळे बैलाचे. प्रज्ञानला चाके उत्तम होती. तिच्या डोळ्यांनी पाहणारे मात्र चार लाख किलोमीटरवर बंगळुरूत बसलेले होते. आंधळ्याला पाच पावलांचे वर्णन सांगून चालवावे तसा हा प्रवास झाला. पृथ्वीबाहेर लांबचे अंतर कापायचे म्हणजे कासरा कुणाच्या हातात आहे आणि तो किती सैल सोडता येतो, एवढाच मुख्य प्रश्न असतो. या गाड्यांचा पन्नास वर्षांचा इतिहास मी तसा वाचला.

पहिली गाडी रशियाची. लुनोखोद-1, 17 नोव्हेंबर 1970 रोजी चंद्रावर उतरली. नावाचा अर्थ 'चंद्रावर चालणारा'. आठ चाकांवर ठेवलेल्या झाकणाच्या घंगाळासारखे तिचे रूप. दिवसा झाकण उघडायचे, आतल्या बाजूला बसवलेल्या सौरपट्ट्या ऊन घ्यायच्या. रात्री झाकण बंद, आत किरणोत्सारी पदार्थाची ऊब. ही गाडी क्रिमियात बसलेले पाच जण मिळून हाकत : एक प्रमुख, एक चालक, एक दिशादर्शक, एक यंत्रांकडे पाहणारा आणि एक फक्त अँटेना पृथ्वीकडे रोखून धरणारा. समोर पडद्यावर दर काही सेकंदांनी एक स्थिर चित्र येई, सलग चलचित्र नाही. त्यातही चंद्राकडून प्रकाश यायला सव्वा सेकंद, आज्ञा जायला सव्वा सेकंद. म्हणजे पडद्यावर दगड दिसला तेव्हा गाडी त्याच्या आणखी जवळ गेलेली असे. तरीही या पथकाने दहा महिन्यांत साडेदहा किलोमीटर गाठले. 1973 साली लुनोखोद-2 ने तर चार महिन्यांत 39 किलोमीटर कापले. चंद्रावर आजवर कुठल्याही मानवरहित गाडीने याहून लांब मजल मारलेली नाही. शेवटी एका खड्ड्यात तिचे उघडे झाकण कडेला घासले आणि त्यावर माती पडली. झाकण मिटले तेव्हा ती माती उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर सांडली. पुढच्या दिवशी ऊन चढले आणि गाडी तापून गेली. मूठभर धुळीने घात केला.

या 39 आकड्याची एक गोष्ट मला भाषेचा अभ्यासक म्हणून फार आवडते. कित्येक वर्षे पुस्तकांत 37 किलोमीटर छापलेले होते. हे अंतर चाकांच्या फेऱ्यांवरून काढलेले. चाक मऊ मातीत घसरते, जागच्या जागी फिरते, म्हणून मागे एक हलके नववे चाक नुसते फरफटत मोजमापासाठी लावलेले होते. पण तेही शेवटी चाकच. पुढे 2009 मध्ये नासाने चंद्राभोवती फिरणारे एक छायाचित्रकार यान पाठवले. त्याच्या चित्रांत, जवळजवळ चाळीस वर्षांनंतर, लुनोखोदच्या दोन समांतर रेषा जशाच्या तशा दिसल्या. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. त्या रेषांवरून मॉस्कोच्या नकाशातज्ज्ञांनी वळणे धरून, पुन्हा फिरलेले रस्ते हिशेबात घेऊन अंतर नव्याने मोजले. ते 39 भरले.

बंडीच्या चाकाने मातीत पडलेल्या या रेषेला आपल्याकडे शब्द आहे : चाकोरी. आज तो शब्द निंदेपुरता उरला आहे. चाकोरीतले आयुष्य, चाकोरीबाहेरचा लेखक. परीक्षेत 'चाकोरी'चा अर्थ विचारला तर निम्मे विद्यार्थी 'कंटाळवाणा दिनक्रम' असे लिहितात. मूळ चाकोरी पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत वीतभर खोल उतरते आणि उन्हाळ्यात वाळून दगडासारखी होते, हे त्यांनी पाहिलेले असते. पण शब्द आणि वस्तू यांची गाठ सुटलेली. तर, लुनोखोदचा खरा प्रवास तिच्या चाकोरीने सांगितला, यंत्राने नव्हे.

प्रज्ञानच्या मागच्या चाकांवर राजमुद्रा आणि इस्रोचे चिन्ह कोरलेले होते, म्हणजे चाकोरीतच ठसे उमटावेत. प्रयोगशाळेत ते छान उमटले. चाचणीसाठी तामिळनाडूतल्या सित्तमपुंडी भागातला चंद्राशी जुळणारा खडक दळून माती केली होती. प्रत्यक्ष चंद्रावर ठसे स्पष्ट आले नाहीत. माती अपेक्षेपेक्षा वेगळी, ढेकळ्या-ढेकळ्यांची निघाली. आपल्याकडे बऱ्याच जणांनी हळहळ व्यक्त केली. मला वाटते, न उमटलेल्या ठशाने त्या जमिनीविषयी जे सांगितले ते उमटलेल्या ठशाने सांगितले नसते.

आता मंगळाकडे जाऊ, कारण लांबच्या प्रवासाचा प्रश्न तिथे खरा पिळतो. चंद्राला सव्वा सेकंद लागत असेल तर मंगळाला, तो कुठे आहे त्यानुसार, 3 ते 22 मिनिटे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला कधी कधी पाऊण तास. क्रिमियातल्या त्या पाच जणांसारखे पडद्याकडे बघत मंगळावर गाडी हाकताच येत नाही. तिथे दिवसाची सगळी कामे सकाळी एकदाच सांगायची, संध्याकाळी काय झाले ते बघायचे आणि रात्री उद्याचा बेत करायचा. त्यात मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत गाडी चालवणारी कॅलिफोर्नियातली माणसे रोज तेवढी उशिरा कामाला येत. काही आठवड्यांत त्यांची सकाळ मध्यरात्री होई.

25 जानेवारी 2004 रोजी ऑपॉर्च्युनिटी मंगळावर उतरली. नाव सुचवले होते सोफी कॉलिस या नऊ वर्षांच्या मुलीने, शाळकरी मुलांच्या निबंधस्पर्धेतून. आपल्याकडे अशा स्पर्धेत मराठी निबंध गेला असता तर नाव काय आले असते, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. तिच्याकडून अपेक्षा होती 90 मंगळदिवसांची आणि सुमारे एक किलोमीटरची. ती चालली 14 वर्षे आणि 45.16 किलोमीटर. पृथ्वीबाहेर कुठल्याही चाकाने कापलेले हे आजवरचे सर्वांत लांब अंतर. आदिलाबादहून उटनूरला निघालेला माणूस एवढ्या अंतरात उटनूरच्या अलीकडेच राहील. पुन्हा तोच हिशेब करू. तिचा सर्वाधिक वेग सेकंदाला पाच सेंटिमीटर. त्या वेगाने अखंड पळवली असती तर 45 किलोमीटरला साडेदहा दिवस पुरले असते. चौदा वर्षांतले साडेदहा दिवस.

सुरुवातीला चालकांनी चित्रांत दिसेल तेवढ्याच जमिनीवर वाट आखायची आणि गाडीने डोळे मिटून तेवढे अंतर चालायचे, अशी पद्धत होती. पण ऑपॉर्च्युनिटीत प्रज्ञानपेक्षा एक गोष्ट अधिक होती. ती थोडे पाहू शके आणि थोडा विचार करू शके. माणसाने आखलेली वाट संपली की पुढे ती स्वतः चित्र घेई, कुठे दगड, कुठे खळगा हे ठरवी, सुरक्षित दिसेल तिकडे पाऊल टाकी, पुन्हा थांबे. तिच्या आतला संगणक आजच्या साध्या मोबाईलपुढे अगदीच दुबळा. एका पावलाचा विचार करायला त्याला मिनिटे लागत. कासरा सैल सोडलेला, पण बैल म्हातारा आणि चष्मेवाला.

26 एप्रिल 2005 ला त्याची परीक्षा झाली. सपाट मैदान पाहून त्या दिवशी 90 मीटरची आज्ञा दिली होती. साधारण चाळीस मीटरवर, फूटभर उंचीच्या एका वाळूच्या वरंब्यात चाके रुतली. गाडीला ते कळलेच नाही. ती प्रामाणिकपणे चाके फिरवत राहिली आणि आपण पुढे जातोय असे समजत राहिली. तिच्या हिशेबी अंतर पुरे झाले. प्रत्यक्षात ती जागच्या जागी खोल खोल गेली. जुलैत आमच्याकडे काळ्या शिवारात रुतलेली बंडी ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बैलाला मात्र पहिल्याच झटक्यात खांद्यावरच्या जुवाने कळते की गाडी हलत नाही. पृथ्वीवर प्रयोगशाळेत वाळू आणि चिकणमाती कालवून तसलाच वरंबा केला, त्यात तशीच गाडी रुतवली आणि ती बाहेर कशी निघते ते पाहिले. मग वर आज्ञा गेल्या. पाच आठवडे उलटल्यावर, 4 जूनला, ऑपॉर्च्युनिटी मोकळी झाली. तेवढ्या काळात ती हलली होती सुमारे एक मीटर.

त्यानंतर तिला जुवाचा झटका शिकवला गेला. चालण्यापूर्वी आणि चालल्यानंतर आजूबाजूचे चित्र घ्यायचे, त्यातले दगड किती सरकले ते बघायचे आणि त्यावरून आपण खरोखर किती पुढे आलो ते ठरवायचे. चाकाने सांगितलेले अंतर आणि डोळ्याने दिसलेले अंतर यांत फार तफावत असेल तर थांबायचे. ही पद्धत गाडीत आधीही होती, पण वेळ खाते म्हणून जपून वापरत. पुढे आलेल्या क्युरिऑसिटीच्या चाकांवर यासाठी मुद्दाम खाचा ठेवल्या. वाळूत त्यांची विशिष्ट नक्षी उमटते, मागे वळून तिच्याकडे पाहिले की घसर मोजता येते. त्या खाचा म्हणजे तारायंत्राच्या लिपीत प्रयोगशाळेची आद्याक्षरे आहेत, हा अभियंत्यांचा खोडसाळपणा. सपाट वाळूवर जिथे ओळखीची खूण नाही तिथे गाडी स्वतःच्याच चाकोरीकडे पाहून आपले अंतर ओळखते.

ऑपॉर्च्युनिटीचा खरा लांबचा प्रवास सुरू झाला तो 2008 मध्ये. व्हिक्टोरिया नावाच्या विवरात दोन वर्षे काम करून ती बाहेर पडली होती. आपल्या बुलढाण्याच्या लोणार विवराच्या निम्म्याहूनही हे विवर लहान. (लोणार हे बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेले विवर, म्हणूनच चंद्र-मंगळाचे अभ्यासक 1970 च्या दशकापासून तिथे येत आहेत. याच काळ्या दगडाची पूर्वकड आमच्या आदिलाबादपर्यंत येते.) पुढचे ठिकाण ठरले एंडेव्हर, 22 किलोमीटर रुंदीचे विवर, वीस किलोमीटरहून लांब वाटेवर. गाडीचे वय तेव्हा अपेक्षित आयुष्याच्या अठरापट झालेले. उजव्या बाजूचे पुढचे चाक जास्त वीज खाऊ लागले होते, म्हणून लांबच्या लांब टप्पे ती उलटी चालली. तीन वर्षे ती वरंबे चुकवत मैदान कापत राहिली आणि ऑगस्ट 2011 मध्ये एंडेव्हरच्या काठावर पोहोचली. तिथे तिला मातीची आणि पाण्याने साचवलेल्या जिप्समची खूण सापडली, जी पहिल्या किलोमीटरात कधीच सापडली नसती. 24 मार्च 2015 ला तिचे एकूण अंतर मॅरेथॉनच्या 42.195 किलोमीटरपुढे गेले. लागलेला वेळ अकरा वर्षे, दोन महिने.

त्याआधी 27 जुलै 2014 ला ती 40.25 किलोमीटरवर आली आणि लुनोखोद-2 चा विक्रम मोडला. विक्रम मोडण्यापूर्वी दोन्ही देशांच्या तज्ज्ञांनी मिळून चाकोरी मोजून 39 हा आकडा पक्का केला होता आणि ऑपॉर्च्युनिटीच्या पथकाने मंगळावरच्या एका छोट्या विवराला लुनोखोद-2 चे नाव दिले. 2018 च्या जूनमध्ये धुळीच्या वादळाने सूर्य झाकला. 10 जूननंतर तिच्याकडून काही आले नाही. 13 फेब्रुवारी 2019 ला मोहीम संपल्याचे जाहीर झाले.

तिची जुळी बहीण स्पिरिट. तिला एवढे अंतर लाभले नाही, 7.73 किलोमीटरच. पण तिच्या पांगळेपणाची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 2006 च्या मार्चमध्ये तिचे पुढचे उजवे चाक बंद पडले. तेव्हापासून ती मागे तोंड करून, ते मेलेले चाक फरफटत चालली. फरफटणारे चाक जमिनीत तास पाडत जाई, नांगरासारखे. 2007 मध्ये एका तासाच्या तळाशी पांढरी माती चमकली. तपासली तर नव्वद टक्के सिलिका. अशी माती गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ किंवा वाफेच्या छिद्रांजवळ होते. चाक धड असते तर ती वरून निघून गेली असती.

क्युरिऑसिटीचे दुखणे निराळे. 900 किलोची ही गाडी 2012 पासून चालते आहे, 35 किलोमीटरांच्या पुढे गेली आहे. हिची चाके ॲल्युमिनियमची आणि पत्रा पाऊण मिलिमीटरचा. वर्षभरातच टोकदार दगडांनी त्याला भोके पाडली. बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवतात ती का, हे कुठल्याही लोहाराने सांगितले असते असे म्हणण्याचा मोह होतो. पण तेवढे वजन मंगळापर्यंत न्यायचे कसे हे लोहाराला सांगावे लागले नसते. मग चालकांनी वाटा बदलल्या, दगडावर चढणाऱ्या चाकाचा वेग जरा कमी करायचा अशी युक्ती 2017 मध्ये गाडीला शिकवली आणि भोकांसकट ती डोंगर चढते आहे.

आणि आता पर्सिव्हिअरन्स. 18 फेब्रुवारी 2021 ला उतरली. हिच्यात चित्रे समजून घेण्यासाठी वेगळा संगणक आहे, त्यामुळे ती चालता चालता विचार करते. पाऊल, थांबा, विचार, पाऊल असे करावे लागत नाही. क्युरिऑसिटी स्वतःच्या डोळ्यांवर तासाला वीस मीटरच्या आसपास जाई, ही तासाला 120 मीटरपर्यंत जाते. चाकांचा कमाल वेग दोघींचा जवळपास सारखा. तिच्या एकूण प्रवासातला सुमारे नऊ-दशांश भाग तिने स्वतः पाहून केलेला आहे. 19 जून 2025 ला तिने एका दिवसात 411 मीटर कापले, कुठल्याही गाडीने पृथ्वीबाहेर स्वतः पाहत कापलेले एका दिवसाचे सर्वाधिक अंतर. 2025 च्या अखेरीस तिचा एकूण आकडा 40 किलोमीटरांच्या जवळ पोहोचला, आणि तो पाच वर्षांपेक्षा कमी काळात.

माणसाने काही सोडून दिलेले नाही. कुठे जायचे, कुठला दगड पाहायचा, हे अजून इथेच ठरते. घर कुठले हे धन्याने ठरवले आहे, वाटेतला खड्डा बैलाने चुकवायचा.

या गाड्यांना मराठीत काय म्हणायचे यावर परिभाषेची मंडळी वाद घालतील. वर्तमानपत्रांत 'बग्गी' वाचल्याचे आठवते. ती मला लग्नाच्या वरातीतली वाटते. 'रोव्हर' म्हणजे इंग्रजीत भटक्या. तो शब्द आता मराठीच झाला आहे, राहू द्यावा. चिन्यांनी आपल्या गाडीला युतू, म्हणजे चंद्रावरच्या सशाचे नाव दिले. 2019 पासून चंद्राच्या पलीकडल्या बाजूला दीड किलोमीटरांहून जास्त फिरलेली युतू-2 ही शशांक हा शब्द असलेल्या भाषेला परकी वाटू नये. मला चिंता आहे ती नामांची नाही. चाकोरी, घसर, रुतणे, धाव, तास, जू, कासरा हे सगळे शब्द आपल्याकडे आहेत, त्या शाळेतल्या मुलांच्या आजोबांच्या तोंडी आहेत. त्यांतली बरीच मुले घरी गोंडी किंवा कोलामी बोलतात, बाजारात तेलुगू आणि वर्गात मराठी. पुस्तकातले 'स्वयंचलित मार्गनिर्धारण प्रणाली' हे त्यांना कुठल्याच भाषेत भेटलेले नसते. 'गाडीला बैलाचे डोळे बसवले' हे मात्र तिन्ही भाषांत भेटते.

2025 चा पोळा 22 ऑगस्टला आला आणि दुसऱ्याच दिवशी, चांद्रयान उतरल्याच्या तारखेला, राष्ट्रीय अंतराळ दिन. मी स्वतःहून त्या शाळेला कळवले की मला यायचे आहे, भाषण करणार नाही. तो शेतकरीही आला होता. एका मुलीच्या डोळ्यांना उपरणे बांधले, ती प्रज्ञान. तिच्याजवळ एक मुलगा कॅमेरा; समोरच्या पाच मीटरमध्ये काय आहे ते त्याने कागदावर काढायचे, दुसऱ्याने तो कागद पळत वर्गात न्यायचा. वर्गात बसलेल्या चौघांना मैदान दिसत नव्हते. त्यांनी कागद पाहून चर्चा करायची आणि 'तीन पावले सरळ, एक डावीकडे' अशी चिठ्ठी पाठवायची. शेतकऱ्याने कासऱ्याने मोजून शंभर मीटरवर चुन्याची रेघ ओढली.

तिसऱ्या चिठ्ठीला प्रज्ञान झेंड्याच्या खांबाला धडकली, कारण कॅमेऱ्याने खांब काढला होता पण वर्गाला तो झाडाची सावली वाटला. सातव्या चिठ्ठीवरून वर्गात भांडण झाले. नवव्याला ती फिरून आपल्याच पावलांवर आली. शेतकरी ओट्यावर बसून बघत होता. म्हणाला, "सर, पोरीले म्हना, उपरनं जरासं वर कर." मी नको म्हटले. अकराव्या चिठ्ठीला मधल्या सुट्टीची घंटा झाली. साठ मीटरही झाले नव्हते.

"आता सोडा तिचे डोये," तो म्हणाला. मुलीने उपरणे काढले आणि उरलेले अंतर खिचडीच्या रांगेकडे एका दमात पळाली.